न्यू इंग्लंडचे फॉल कलर्स आणि छप्पर असलेले लाकडी पूल: फोटोसाठी निघणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा लागला की ओळखीच्यांचे फोन सुरू होतात. आई-बाबा भारतातून आलेले असतात, नवरात्र तोंडावर असतं आणि व्हरमाँट-न्यू हॅम्पशायरला एक चक्कर व्हायलाच हवी असते. मी बरीच वर्षं पानांच्या रंगांचा हा मोसम कॅमेरा घेऊन फिरते आहे, त्यामुळे तेच ते प्रश्न माझ्याकडे येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. बहुतेक उत्तरांचा रोख एकच आहे: रोज नवं गाव गाठण्याची धावपळ करू नका. एखाद्या खोऱ्यात मुक्काम टाका आणि एकाच पुलाशी वेगवेगळ्या उजेडात पुन्हा पुन्हा जा.

नेमकं कधी जायचं?

रंग उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि डोंगरमाथ्यावरून खाली उतरत येतात. उत्तर व्हरमाँट आणि व्हाइट माउंटन्सच्या उंच भागात सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रंग चढायला लागतो. न्यू हॅम्पशायरमधला कँकमॅगस हायवे आणि मध्य व्हरमाँटमधली वुडस्टॉक-क्वीची ही गावं ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात साधतात. दक्षिण व्हरमाँट आणि मॅसॅच्युसेट्सच्या बर्कशायर डोंगरात त्यानंतर आठवडाभर तरी रंग टिकतो, आणि समुद्राकाठी महिनाअखेरपर्यंत.

याचा फायदा असा, की तारखा थोड्या मागेपुढे झाल्या तरी सगळं हातचं जात नाही. वर पानं गळून गेली असतील तर खोऱ्यात उतरा. खाली सगळं हिरवं असेल तर घाट चढा. तासाभराच्या ड्राइव्हमध्ये आठवडाभराचा फरक दिसतो.

एक मात्र पाळा. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारची सुट्टी धरून येणारा लाँग वीकेंड शक्यतो टाळा. हॉटेलं कित्येक महिने आधी भरलेली असतात आणि प्रत्येक पुलापाशी गाड्यांची रांग असते. मंगळवार-बुधवारी तीच जागा तुमच्या एकट्याची असू शकते.

सगळे ‘पीक’, म्हणजे रंग ऐन भरात असतानाचे दिवस, गाठायच्या मागे असतात. ते गाठलंच पाहिजे का?

फोटोसाठी तरी नाही. अख्खा डोंगर केशरी झालेला डोळ्यांना सुंदर दिसतो, पण फोटोत एकाच रंगाचा पसारा होतो आणि नजर कुठे ठरत नाही. पीकच्या चार-पाच दिवस आधी हिरवा, पिवळा, शेंदरी, लाल असे सगळे रंग एकाच उतारावर असतात आणि मधले गर्द हिरवे पाइन त्यांना उठाव देतात. मला तेच दिवस जास्त आवडतात. पीक उलटून गेल्यावर पानं जमिनीवर, दगडांवर, पुलाच्या छपरावर पडलेली असतात. तेव्हा मान वर करून फोटो काढण्यापेक्षा खाली बघून काढलेले फोटो चांगले येतात.

पानं रंग का बदलतात? फोटो काढणाऱ्याला ते कळून काय उपयोग?

भरपूर उपयोग आहे. दिवस लहान होऊ लागले की पानातलं हरितद्रव्य तयार होणं थांबतं आणि जे असतं ते विरत जातं. पिवळा-केशरी रंग देणारी कॅरोटिनॉइड पानात आधीपासूनच असतात, ती आता दिसू लागतात. लाल रंगाचं तसं नाही. लाल रंग देणारं अँथोसायनिन बहुतेक झाडांत शरद ऋतूतच, पानात अडकलेल्या साखरेपासून तयार होतं. पानाच्या देठाशी बुचासारखा थर धरू लागतो, साखर बाहेर पडत नाही आणि ऊन मिळालं की पान लाल होतं. म्हणून दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा, पण कडाक्याचं दहिवर नाही, अशा वर्षी लाल रंग चांगला खुलतो. त्यामुळेच एकाच झाडाची उन्हाकडची बाजू लालभडक आणि सावलीतली पिवळी दिसते. फोटोसाठी झाड निवडताना त्याला फेरी मारून बघा.

झाडं ओळखता आली तर आणखी सोपं जातं. पाणथळ जागेतले रेड मेपल सगळ्यांच्या आधी लाल होतात, म्हणजे मोसम नुकताच सुरू झाला असेल तर तळ्याकाठी आणि दलदलीपाशी जायचं. शुगर मेपल पिवळ्यापासून शेंदरी-केशरीपर्यंत जातो, आणि व्हरमाँटच्या डोंगरांचा जो रंग आपण मनात धरून येतो तो मुख्यतः त्याचाच. बर्च पिवळा, बीच तांबूस-तपकिरी. ओक सगळ्यात शेवटी रंगतो.

बॉस्टनहून चार-पाच दिवस आहेत. कोणता रस्ता धरू?

मी सुचवते तो असा. बॉस्टनहून उत्तरेला कॉनवे गाठा आणि तिथून लिंकनपर्यंत कँकमॅगस हायवे, म्हणजे रूट ११२, पकडा. सुमारे ३४ मैलांचा हा रस्ता व्हाइट माउंटन नॅशनल फॉरेस्टमधून जातो. त्याची खिंड २,८५५ फुटांवर आहे. नुसता गाडीनं पार केला तर तासाभरात संपतो, पण याला पूर्ण दिवस द्या. स्विफ्ट नदी बराच वेळ रस्त्याच्या सोबतीला असते, आणि रॉकी गॉर्ज, लोअर फॉल्स, सॅबडे फॉल्स अशा जागा ओळीनं लागतात.

दुसऱ्या दिवशी फ्रँकोनिया नॉच बघून कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यानं दक्षिणेला या आणि वुडस्टॉक-क्वीची भागात दोन मुक्काम करा. तिथून रूट १०० नं खाली उतरत आर्लिंग्टन-बेनिंग्टन करून मॅसॅच्युसेट्सच्या रूट २ नं, म्हणजे १९१४ साली खुल्या झालेल्या मोहॉक ट्रेलनं, बॉस्टनला परत.

व्हरमाँटमध्ये शिरताच एक फरक जाणवेल. रस्त्याकडेला मोठमोठ्या जाहिरातींचे फलक नाहीत. १९६८ च्या कायद्यानं त्या राज्यात त्यांना बंदी आहे. फ्रेममधून काय काय वगळायचं याची चिंता तिथे निम्म्यानं कमी होते, आणि त्या कायद्याबद्दल मला त्या राज्याचे खरोखर आभार मानावेसे वाटतात.

या पुलांना छप्पर कशासाठी?

पूल टिकावा म्हणून. पुलाचा सगळा भार दोन्ही बाजूंच्या लाकडी सांगाड्यावर, म्हणजे ट्रसवर, असतो. पाऊस आणि बर्फ खाऊन उघडं लाकूड थोड्या वर्षांत कुजतं, पण वर छप्पर आणि बाजूला फळ्या ठोकल्या की तोच पूल शंभर वर्षांहून जास्त उभा राहतो. छप्पर दुरुस्त करणं स्वस्त, सांगाडा बदलणं महाग, असा साधा हिशेब. हिवाळ्यात घसरगाड्या चालाव्यात म्हणून पुलाच्या आत मुद्दाम बर्फ आणून पसरावा लागे.

सांगाड्याचे प्रकार अनेक आहेत. इथिएल टाउन या वास्तुकारानं १८२० साली पेटंट घेतलेली ‘टाउन लॅटिस’ ही पद्धत व्हरमाँटमध्ये खूप दिसते. फळ्या तिरप्या, एकमेकींना छेदत बसवून लांबच लांब जाळी केलेली असते आणि प्रत्येक छेदावर लाकडी खुंट्या ठोकलेल्या असतात. जवळ जाऊन त्या खुंट्यांवरून हात फिरवा. लाटण्याएवढ्या जाड ओकच्या खुंट्या, वापरानं गुळगुळीत झालेल्या, कुठे टोक थोडं बाहेर आलेलं. अजस्र पूल त्यांच्यावर उभा आहे हे हाताला कळल्यावर तुम्ही त्याचा फोटो वेगळा काढता.

कोणते पूल चुकवू नयेत?

व्हरमाँटमध्ये असे शंभरेक पूल आहेत, न्यू हॅम्पशायरमध्ये पन्नासहून जास्त. सगळे बघायचा हट्ट धरलात तर एकही नीट बघून होणार नाही. माझी निवड सांगते.

कॉर्निश-विंडसर पूल पहिला. १८६६ चा, सुमारे ४५० फूट लांब, कनेक्टिकट नदीवर, एक टोक न्यू हॅम्पशायरमध्ये आणि दुसरं व्हरमाँटमध्ये. प्रवेशावरच्या पाटीवर बजावलंय की घोडे चालत न्या, नाहीतर दोन डॉलर दंड. न्यू हॅम्पशायरच्या काठावरून सकाळी फोटो घ्या. ऊन पाठीमागून पुलावर येतं आणि पलीकडे अ‍ॅस्कटनी डोंगर उभा असतो. नदीवर धुकं असेल तर ते विरेपर्यंत जागा सोडू नका. पूल आधी धुक्यात तरंगल्यासारखा दिसतो, मग एकेक फळी सुटी होत जाते, आणि शेवटी डोंगराचा माथा उजळतो. तेवढ्या वेळात चार वेगळे फोटो मिळतात.

कँकमॅगसवरचा अल्बनी पूल १८५८ चा. रस्त्याला लागूनच असल्यानं तिथे गर्दी होते, पण बहुतेक जण तोंडाशी उभं राहून सेल्फी काढतात आणि निघून जातात. तुम्ही सांभाळून नदीत उतरा, मोठ्या दगडांपर्यंत. पाण्याच्या पातळीवरून पूल, वरची पिवळी झाडं आणि दगडांमधून वाहणारं पाणी अशी फ्रेम मिळते.

टाफ्ट्सव्हिलचा लाल पूल १८३६ चा, ओटाक्वीची नदीवर. शेजारीच छोटं धरण आहे. सांडव्यावरून पडणारं पाणी आणि त्यामागे लाल पूल हे दृश्य ढगाळ दिवशी फार छान येतं.

पश्चिम आर्लिंग्टनचा पूल १८५२ चा. लाल पूल, पलीकडे हिरवळ, पांढरं चर्च आणि खालून बॅटन किल नदी. चित्रकार नॉर्मन रॉकवेल १९४० च्या दशकात या हिरवळीलगतच्या घरात राहत होते. वेस्ट डमर्स्टनचा १८७२ चा पूल संपूर्णपणे व्हरमाँटच्या हद्दीत असलेल्या पुलांत सर्वांत लांब, २८० फूट. आतली लॅटिसची जाळी बघण्यासाठी मी तिथेच पाठवेन.

आणि बार्टन्सव्हिल. २८ ऑगस्ट २०११ ला आयरीन वादळाच्या पुरात इथला १८७० चा पूल उखडला आणि वाहून गेला. गावानं त्याच पद्धतीचा लाकडी पूल पुन्हा बांधला आणि २०१३ च्या सुरुवातीला तो खुला झाला. लाकूड अजून नवं दिसतं म्हणून फोटोवाले तिकडे फिरकत नाहीत. मला मात्र तो पूल बघायलाच हवा असं वाटतं. काँक्रीटचा सोपा पर्याय असताना एका छोट्या वस्तीनं जे निवडलं, ते तिथे उभं आहे.

पुलाचा फोटो कुठून काढू? सगळ्यांचे सारखेच येतात.

समोरून, रस्त्याच्या मधोमध उभं राहून काढलेला फोटो कंटाळवाणा होतो, आणि तो गाडीखाली येण्याचाही मार्ग आहे. यातल्या बहुतेक पुलांवर वाहतूक चालू असते हे विसरू नका. थोडं बाजूला या, म्हणजे तोंड आणि लांब बाजू दोन्ही दिसतील. नंतर खाली नदीच्या पातळीवर जा. नदीकडून पूल कायम जास्त चांगला दिसतो, कारण त्याचं काम, म्हणजे पाणी ओलांडणं, तिथूनच कळतं.

पुलाच्या आतून बाहेर बघत काढलेला फोटो बऱ्याच जणांना हवा असतो. आत मिट्ट काळोख, बाहेर पेटलेला मेपल. एका एक्स्पोजरमध्ये दोन्ही नीट येत नाहीत. बाहेरच्या पानांवर एक्स्पोजर धरलं तर पुलाचं तोंड काळ्या चौकटीसारखं दिसतं, आणि खरं सांगायचं तर अनेकदा तेच पुरे असतं. आतली लाकडं दाखवायची असतील तर ट्रायपॉडवर तीन फोटो घ्या: एक बरोबर, एक दोन स्टॉप कमी, एक दोन स्टॉप जास्त (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). घरी ते जोडा. जोडताना आतला अंधार थोडा तरी ठेवा, पुलाच्या आत अंधारच असतो. गाडी गेली की सगळा पूल थरथरतो, म्हणून लांब एक्स्पोजर गाडी पार झाल्यावर, दोन क्षण थांबून. ट्रायपॉड कडेला, आणि पायवाट वेगळी असेल तर तिथेच.

उन्हाच्या वेळी जाळीतून आत पडणारे चौकोनी कवडसेही बघा. रंगीत पानांच्या नादात हा फोटो सगळे सोडून देतात.

आभाळ भरून आलंय. ट्रिप वाया गेली का?

उलट, हेच दिवस साधा. कडक उन्हात पानांवर चकाकी येते, सावल्या काळ्या पडतात आणि रंग धुऊन गेल्यासारखे दिसतात. ढगाळ उजेडात जंगलाच्या आतले रंग भरीव येतात. पाऊस पडून गेला असेल तर फारच छान, कारण ओली झाडाची साल काळी होते आणि तिच्यापुढे पिवळं पान उजळतं. अशा वेळी पांढरं आभाळ फ्रेमबाहेर ठेवा, एवढंच पथ्य. कॅमेऱ्याला पिशवी, लेन्स पुसायला दोन-तीन सुती फडकी, आणि निसरड्या दगडांसाठी चांगले बूट.

लांबच्या डोंगररांगांसाठी मात्र ऊन हवं, तेही सकाळचं किंवा उतरतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिथे सूर्य सातच्या आसपास उगवतो आणि सव्वासहाच्या सुमाराला मावळतो. म्हणजे सूर्योदयासाठी फार पहाटे उठायचीही गरज नाही!

पोलरायझर घेऊ का?

लेन्सपुढे लावायचा, फिरवता येणारा हा फिल्टर. एकच घ्यायचा असेल तर हाच. पानांवरची आणि ओल्या दगडांवरची पांढरी चकाकी तो काढून टाकतो आणि खालचा खरा रंग दिसतो. घरी सॉफ्टवेअरमध्ये हे करता येत नाही. ढगाळ दिवशीही लावा, नुसतं निळ्या आकाशासाठी नाही. तो फिरवताना डोळा पानांवर ठेवा. उजेड एक ते दोन स्टॉप कमी होतो, तेव्हा शटर स्पीडकडे लक्ष. वाइड अँगलला आकाश एका बाजूला गडद आणि दुसऱ्या बाजूला फिकं येतं, तिथे तो काढून ठेवा. आणि पाण्यात रंगांचं प्रतिबिंब हवं असेल तर पूर्ण फिरवू नका, नाहीतर प्रतिबिंबच पुसलं जाईल.

कॅमेरा, लेन्स, सेटिंग?

आहे तो कॅमेरा पुरेसा आहे. वाइडपेक्षा ७०-२०० सारखी लांब लेन्स मला इथे जास्त उपयोगी पडते. दूरच्या उतारावरचं एकच लाल झाड, पाइनच्या रांगेतला एकटा बर्च, असे तुकडे तिनं वेचता येतात. निसर्गदृश्यांसाठी अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ/८ ते एफ/११. वाहत्या पाण्यासाठी शटर पाव ते एक सेकंद उघडं. वारा असेल तर पानं हलतात, तेव्हा शटर वेगवान ठेवण्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता, वाढवायला कचरू नका.

घरी आल्यावर रंग एकतर फिके दिसतात, नाहीतर भडक. का?

फिके दिसतात ते बहुधा ऑटो व्हाइट बॅलन्समुळे, म्हणजे उजेडाचा रंग कॅमेऱ्यानं आपणहून ठरवल्यामुळे. इतका पिवळा-केशरी रंग दिसला की कॅमेऱ्याला वाटतं उजेडच पिवळा आहे, आणि तो चित्र थंड करतो. डेलाइटवर ठेवा, ढगाळ असेल तर क्लाउडीवर. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढत असाल तर नंतरही सुधारता येईल.

भडक होण्याची कारणं दोन. पहिलं, लाल चॅनल आधी फुटतो, म्हणजे लाल रंग कमाल मर्यादेपलीकडे जाऊन त्यातले बारकावे हरवतात. एकूण हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, ठीक दिसला तरी लाल पानांतल्या शिरा गायब झालेल्या असतात. तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम लावा आणि एक्स्पोजर थोडं कमी ठेवा. दुसरं, सॅच्युरेशनची पट्टी ओढायचा मोह. लाल आणि केशरी जवळपास कमाल पातळीवर असतातच, त्यात भर घातली की सगळी पानं प्लास्टिकची दिसतात. या झाडांना आपल्या मदतीची गरज नाही.

मोबाइलवर चांगले येतील?

हो, विशेषतः पुलाच्या आतले, कारण अंधार-उजेड जोडायचं काम फोन आपोआप करतो. रंग तो आपल्या मनानं वाढवतो, तेवढं बघा.

आई-बाबा बरोबर आहेत, फार चालवत नाही.

कँकमॅगस त्यांच्यासाठी उत्तम. बरेच ओव्हरलुक, म्हणजे दृश्य बघायच्या जागा, गाडीतून उतरल्या उतरल्या आहेत आणि अल्बनी पुलापाशीही वाहनतळ लागूनच आहे. नॉर्थ कॉनवेहून निघणारी कॉनवे सिनिक रेल्वे त्यांना आवडेल. फ्लूम गॉर्जला मात्र बऱ्याच पायऱ्या आहेत, गुडघ्याचा त्रास असेल तर नको. सकाळी चांगलीच थंडी असते. कानटोपी आणि मोजे बाबा नको म्हणाले तरी घ्या.

पेट्रोल कॉनवे किंवा लिंकनलाच भरा, मधे पंप नाही. फोनला रेंजही फारशी नसते, नकाशा आधी उतरवून ठेवा. शाकाहारी असाल तर खेड्यांमध्ये पर्याय मोजके मिळतात. पोळ्या, चटणी, चिवडा, दशम्या बरोबर असू द्या. अंधार पडल्यावर हळू चालवा, मूस नावाची अजस्र हरणं रस्त्यावर येतात.

ते प्रसिद्ध शेत कुठे आहे? तिथे जाता येतं का?

व्हरमाँटमध्ये पॉमफ्रेटच्या क्लाउडलँड रोडवरच्या शेताबद्दल हे विचारलं जातं. ती खासगी मालमत्ता आहे. सोशल मीडियामुळे तिथे इतकी गर्दी लोटली, लोक फाटक ओलांडून आत शिरू लागले, की २०२३ च्या मोसमात तो रस्ता बाहेरच्यांसाठी बंद करावा लागला. मी तिथे जा असं कुणालाच सांगत नाही. व्हरमाँटच्या कुठल्याही कच्च्या रस्त्यावर तशी शेतं भेटतात. गाडी रस्ता अडणार नाही अशी लावा, कुंपणाबाहेरून फोटो घ्या, कुणी दिसलं तर हात हलवून विचारा. माझ्या अनुभवात लोक बहुधा हो म्हणतात, वर आणखी चांगली जागाही सांगतात.

ड्रोन?

छंदासाठी उडवायचा असला तरी ट्रस्ट ही मोफत ऑनलाइन चाचणी द्यावी लागते, आणि २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोनची नोंदणी लागते. राज्यांच्या उद्यानांचे नियम वेगळे असतात, ते आधी बघा. पुलावर माणसं असतील तर उडवू नका.

कोजागिरीला तिथे असू. रात्रीचे फोटो जमतील?

जमतील, आणि जरूर काढा. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळता मावळता उगवतो, त्यामुळे डोंगरावर अजून उजेड असताना चंद्र आणि रंगीत झाडं एकाच फ्रेममध्ये मिळतात. पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी हे आणखी सोपं, कारण चंद्र आधीच वर आलेला असतो. नंतर चांदण्यात पुलाचा फोटो ट्रायपॉडवर, १० ते २० सेकंदांचा. अधिक महिना येऊन गेलेल्या वर्षी कोजागिरी उशिरा पडते, तेव्हा दक्षिणेकडचा भाग निवडा.

न्यू जर्सीत राहतो. इतकं लांब जमणार नाही.

मग पेन्सिल्व्हेनियात जा. असे पूल अमेरिकेत सर्वांत जास्त त्याच राज्यात आहेत. बक्स काउंटीत डझनभर आहेत, लँकेस्टर काउंटीत त्याहून जास्त, आणि लँकेस्टरला आमिश, म्हणजे आधुनिक सोयींपासून दूर राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या, लोकांच्या घोडागाड्या त्या पुलांवरून अजून जातात. आमिश माणसांचे चेहरे मात्र टिपू नका, त्यांना ते रुचत नाही. खुद्द न्यू जर्सीत एकोणिसाव्या शतकातला एकच असा पूल उरला आहे, स्टॉकटनजवळचा १८७२ चा ग्रीन सार्जंट्स पूल. या भागात रंग ऑक्टोबरच्या अखेरीस चढतो, म्हणजे कधी कधी दिवाळीच्या फराळाचे डबे घेऊनच निघता येतं.

पोहोचलो तेव्हा पानं गळून गेली होती. आता काय?

ओक आणि बीच अजून उभे असतील, त्यांचा तांबूस-तपकिरी रंग उतरत्या उन्हात सुरेख दिसतो. दलदलीकाठी टॅमरॅक शोधा. दिसायला पाइनच्या जातीचा, पण त्याच्या सुया ऑक्टोबरअखेर सोनेरी होऊन गळतात. पुलांसाठी तर ही वेळ चांगलीच आहे. उन्हाळ्यात आणि ऐन रंगात फांद्यांआड लपलेले पूल आता नदीकाठावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळे दिसतात, गर्दी नसते आणि हॉटेलांचे दरही उतरलेले असतात.